सुदामच्या गेमच्या पेटीवरचं चित्र

मी मूळचा अहमदपूरकडचा. शेत व्हतं ते नावालाच, म्हनून वडिलानं मला दहावीनंतर तालुक्यातल्या एका पेंटरच्या हाताखाली घातलं, आन् तिथं दोन वर्षं नुसते रंगाचे डबे ढवळले, मंग कुठं ब्रश हातात आला. दुकानाच्या पाट्या, ट्रकचे फाळके, निवडणुकीच्या भिंती, सगळं केलं. मंग काळेवाडीत आलो. कामून आलो म्हनाल तर सगळेच यायलेत म्हनून आलो. कंपन्यांत धोक्याच्या पाट्या आन् फरशीवरचे पिवळे पट्टे मारायचं काम लागलं. पट्टा मी दोरी न लावता मारायचो बगा, सुपरवायझर लोकं उभं राहून बघायचे. खोटं न्हाई सांगत. खोट्याचंच सांगायचं हाय तुम्हाला, म्हनून आधी खरं सांगून घेतो.

तवा एका खोलीत आमी चौघं राहायचो. त्यातला सुदाम सुतार, चाकणला मशिनी भरायच्या लाकडी पेट्या बनवायचा. शिफ्ट सुटली की गल्लीतल्या व्हिडिओ गेमवर जायचो. सुदाम खेळायचा कमी आन् त्या मशीनला टिचक्या मारून बघायचा जास्त. म्हनायचा, पेंटर, ह्यात काय हाय, प्लायची पेटीच तर हाय, एक दिवस मी बनवतो, तू रंगव. मी म्हनलो, बनव की. खोलीच्या दारावर मी आमचं चित्र काढलं व्हतं, दोन सायकली, चार गडी, हँडलला डबे, खाली कोपऱ्यात माझी सही. पुढं खोल्या पाडल्या, दार गेलं. फोटो तेवढा राहिला.

मंग ब्रशचे दिवस सरले. मी बी रेडियमचं दुकान टाकलं, रिक्षाची नावं, नंबरप्लेटी, फ्लेक्स, सगळं मशीनवर. आन् काय सांगू तुम्हाला, दोन वर्षं झाली, हा उजवा हात थरथरायलाय. चहाचा कप मी डाव्या हातानं घेतो. बायकोला वाटतं साखर वाढली. मशीनचा हात काय थरथरत न्हाई, म्हनून कुनाला कळलं न्हाई.

मागच्या वर्षी सुदाम रिटायर झाला, आता रावेतला लेकीकडं असतो. त्यानं तिथल्या पार्किंगच्या कोपऱ्यात खरंच पेटी बनवली. मानसाएवढी उंच, पोरीचा जुना कॉम्प्युटर आत, बटनं, खेळायचा दांडा, एक सांधा दिसंल तर शप्पथ. टेम्पोत घालून दुकानावर आनली आन् म्हनला, पेंटर, माझं झालं, आता तुझं. दारावरचं चित्रच पायजे. पन ब्रशनं हां, ते चिकटवायचं न्हाई.

तवाच सांगायचं व्हतं. हात चालत न्हाई रे सुदाम, एवढं सांगायला काय लागत व्हतं? मला लाज वाटली. ज्यानं मला दोरीबिगर पट्टा मारताना बघितलं त्याला कसं सांगू? मी म्हनलो, ठेवून जा, झाल्याबिगर बघायचं न्हाई.

एकदा बसलो ब्रश घेऊन. सायकलीचं चाक काढाया गेलो तर ते चाक न्हाई झालं, बटाटा झाला. थिनरनं पुसलं. मंग त्या फोटोवरून मोठी प्रिंट काढली, वरून चमक नसलेलं लॅमिनेशन, ब्रशचे फटकारे बी दिसत व्हते. चिकटवली. मनाला म्हनलो, माझंच चित्र, माझीच सही, मंग खोटं कुठं? लायटिंग मात्र जीव ओतून केलं. वरच्या पाटीत दुधी काच, मागं एलईडी, दोन्ही बाजूंच्या कडेनं आतून पिवळ्या लाईटची पट्टी.

सुदाम आला, लाईट लावली, लई वेळ बघत राहिला. मंग सहीवर अंगठा फिरवला. ऑइलपेंट हाताला लागतो, त्याचा उंचवटा असतो, त्याला काय ते म्हाईत न्हाई व्हय? चाळीस वर्षं लाकडावर हात फिरवलेला मानूस. माझ्याकडं न बघता म्हनला, चांगलं वाळलंय.

पेटी रावेतला नेली, आन् पुढच्या रविवारी त्यानं मला आन् खोलीतल्या बाकी दोघांना तिथं बोलावलं. त्यांना म्हनला, बघा, पेंटरनं हातानं काढलंय, अजून तसाच हात हाय. ते दोघं सायकलीवर आपलं तोंड शोधत बसले, माझी पाठ थोपटली. मी पेटीजवळ गेलो तर कडेनं सगळीकडं सागाची बारीक पट्टी मारलेली. मी देताना ती नव्हती. वाकून बघितलं तवा कळलं, एलईडीच्या गरमीनं माझी प्रिंट कडेला सुटली व्हती, आन् सुदामनं ती दाबून, वरून पट्टी ठोकून झाकली व्हती. रंधा मारून, पॉलिश करून. कुनाला दिसू नये म्हनून.

घरी येताना ठरवलं, आता सांगायचंच. पन सांगू कसं? मी खरं बोललो तर दोघांसमोर तो बोललेला बी खोटा पडतो. माझ्यासाठी बोललेला. आधी लाजंनं तोंड बंद व्हतं, आता त्याच्यासाठी बंद ठेवावं लागतंय.

दर रविवारी जातो मी. दोघं खेळतो. परवा माझा हात बटनावर थरथराया लागला तर सुदामनं दांडा माझ्याकडं सोडला आन् बटनं तो दाबायला लागला. पडद्यावरच्या एकाच गड्याला आमी दोघं मिळून खेळवतो आता. त्याचा हात देवानं असाच ठेवावा, दुसरं काय मागू मी.