उजेड कुठं जातो?

...आणि वर मलाच विचारते, ‘मावशी, तुझ्या गणपतीच्या डोळ्यावरून उजेड कुठं जातो गो?’ आता तुम्हीच सांगा, उजेडाला काय बिऱ्हाड बदलायचंय, कुठं जायला? चाळीस वर्षं पेणच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखते मी. बाकीचा रंग कोणीपण देईल, पण बाप्पाला नजर देते ती ही काशीबाई! दारातल्या उजेडात बसायचं, आधी एका फुटक्या कानावर, म्हणजे मूर्तीच्याच हो, रंगाचा नि वार्निशाचा ब्रश चालवून बघायचा, मग श्वास धरून डोळा. आणि ही माझी भाची किमया, रोह्याला गाडीच्या दिव्यांच्या कंपनीत लागून दोन वर्षं नाय झाली, ती मला उजेड शिकवणार? मला तिथंच संशय आला.

तुम्हाला सांगते, झालं काय, तर तिने हे विचारलं त्याच्या आदल्या साली रोह्याच्या एका मंडळाने आमची मूर्ती नेली, समोर मारे मोठाले दिवे लावले, आणि बोंब काय, तर डोळ्यांत नुसती चकाकी, नजरच दिसत नाय. त्यांचा अध्यक्ष प्रविण कारखान्यात येऊन सगळ्यांदेखत म्हणतो कसा, ‘काशीबाई, वय झालं तुमचं. पुन्हा असं झालं तर आखणी दुसऱ्याकडे.’ लागलं हो मनाला. त्या दिवशी जेवले नाय मी.

तर किमया म्हणे, ‘मावशी, खोट तुझ्या हातात नाय, दिव्यांत हाय. मी कॉम्प्युटरवर लावून बघते.’ म्हणजे काय, तर कॉम्प्युटरमध्येच मूर्ती, कॉम्प्युटरमध्येच दिवे, त्यातून लाखो किरण सोडायचे आणि कुठला किरण रंगावर आपटून कुठं पसरतो ते बघायचं. खराखुरा दिवा एक पेटलेला नाय आणि म्हणे उजेड पसरला! मी पडद्याला हात लावून बघितला. गरमसुद्धा नाय. संशय येणार नाय तर काय?

मग म्हणते, ‘डोळ्याच्या रंगाचा तुकडा दे, वार्निशसकट. खडबडीत असला तर उजेड चहूकडे सांडतो, गुळगुळीत असला तर एकाच अंगाला उडी मारतो. मशीनवर मोजते नि कॉम्प्युटरला सांगते.’ अहो, त्या वार्निशात काय नि किती, ते सासूने फक्त मला सांगितलं, आणि ही ते कंपनीत नेऊन मशीनखाली ठेवणार? उद्या पेणभर झालं म्हणजे? मी काय केलं, हळूच एका फुटक्या मूर्तीच्या पाठीचा तुकडा दिला. पाठीला आम्ही वार्निश लावतच नाय, भिंतीकडे असते ती, कोण बघतंय? गेली घेऊन. तिची गाडी वाटेवरचं कासू गाव ओलांडून गेली असंल, तरी मी आपली हसतेय.

आणि मग ध्यानात आलं. हिशोब पाठीचा, मूर्तीला डोळे पुढे! म्हणजे दिवे पुन्हा चुकणार, आखणी माझ्या हातची जाणार, आणि बोल लागणार त्या पोरीला. सांगायला फोन उचलला, नि परत ठेवला. त्यात माझा ब्रश बघायचा कान हरवला. मी उंदरांवर संशय घेतला.

चतुर्थीला रोह्याला गेले. बघते तर समोरचे दिवे गायब, सगळे बाजूला नि उंच, पुढे दुधी काच, आणि बाप्पा असा बघतोय माझ्याकडे, असा, की मीच मान खाली घातली. प्रविण हात जोडून म्हणतो, ‘काशीबाई, काय नजर दिलीत!’ मी किमयाला कोपऱ्यात घेतलं. ‘अगो, तुला मी खोटा तुकडा दिला.’

‘ठाऊक हाय,’ म्हणते. ‘मशीनवर ठेवला, तर उजेड सगळीकडे सारखाच सांडला. डोळा असा कुठं असतो? मग पेणला आले तेव्हा गुपचूप तुझा ब्रश बघायचा कान उचलला. त्यावर वार्निश होतं ना. हा घे परत.’

रडूच आलं मला. म्हटलं, काशीबाई, पुरे झाला संशय. यंदा मूर्ती ठरली तशी मी आपणहून नवा तुकडा रंगवला, वर डोळ्याचं वार्निश दिलं, आणि राजीखुशीने तिच्या हातात ठेवला. तिने तो उजेडात धरला. उलटा करून बघितला. वास घेतला. आणि म्हणते कशी, ‘मावशी, हा राहू दे. कान कुठं हाय?’

दिला काढून. करते काय!