निरंजनचं कार्ड : खेळणं की हत्यार?

बोला, अंबाबाईचा उदो! — अहो, एवढंच? मागच्या रांगेतून आवाजच नाही! प्रसादाला मात्र हीच रांग सगळ्यांच्या पुढं असते. पुन्हा एकदा — उदो! हां. आता गेलं आईच्या कानावर.

तर मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. एका माणसानं घरी गाय आणली. कशासाठी? — पोरांना दूध मिळावं म्हणून! गायही गुणाची, बादली भरून दूध दिलं. मालक म्हणाला, उरलेलं डेअरीला घालू. मग म्हणाला, थोडं जास्त घालू. आणि आज त्या घरी जाऊन बघा — पोरं कोरा चहा पितात! दारात गाय, अन् कपात काळं पाणी! आता सांगा, गाय कुणाची? मालकाची, पोरांची, की डेअरीची?

ते बघा, पाटील खाली बघायला लागले! पाटील, तुमच्या गोठ्याबद्दल नाही हो बोलत मी. उत्तर मला माहीत आहे, पण फुकट सांगणार नाही. त्यासाठी आख्यान ऐकावं लागेल. पेटीवाले, सूर धरा — आणि झोपू नका!

इचलकरंजी! यंत्रमागाचं गाव. तिथलं पोर पाळणा थांबला तर झोपतं, पण शेजारचा माग थांबला तर दचकून उठतं! अशा गावात निरंजन बुगड नावाचा एक मुलगा. वडील वारलेले. घरामागच्या शेडमध्ये चार माग, ते आई चालवायची — इंदुमतीबाई. बाई म्हणजे काय सांगू! मागाच्या खडखडाटात आयुष्य गेलेलं, त्यामुळं कानात सांगितलेलं गुपितसुद्धा चौकात ऐकू जायचं. निरंजन मात्र सुताला खळ लावायच्या कारखान्यात हिशेब लिहायचा. सरळ, सालस पोरगा. सुपारीचं खांडसुद्धा खात नव्हता.

पण मंडळी, देवानं प्रत्येकाला एक वेड दिलंय. कुणाला भजी, कुणाला राजकारण. निरंजनला कॉम्प्युटरवरचे खेळ! आणि कॉम्प्युटर कसला? खेळातल्या घोड्यानं पाय उचलला की तो खाली टेकेपर्यंत ह्याचा चहा पिऊन व्हायचा! का? तर म्हणे, ग्राफिक कार्ड जुनं. — काय म्हणालात मावशी? कार्ड म्हणजे रेशनचं? नाही हो! कॉम्प्युटरच्या पोटात एक पाटी असते. पडद्यावरचं चित्र ती हलवते. पाटी दमदार असेल तर चित्र पळतं, नसेल तर रांगतं. निरंजनचं रांगत होतं.

आता अशा मुलाला मुलगी बघायला नेलं, विट्याला. मुलीचं नाव मैथिली. पोहे झाले, चहा झाला. वडीलधारे म्हणाले, जा, गच्चीवर बोला दोघं. गच्चीवर काय? वाळत घातलेली चादर, आणि दोन घाबरलेले जीव. निरंजननं पाठ करून नेलेलं — तुमचे छंद काय, पुढं शिकणार काय. तोंड उघडणार, एवढ्यात तीच म्हणाली, "एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा की."

"तुमच्याकडं ग्राफिक कार्ड कुठलं आहे?"

अहो मंडळी! लोकांना देव भेटतो तेव्हा असंच होत असणार! निरंजनच्या डोळ्यांत पाणी आलं. मैथिली लहान मुलांच्या शिकवण्या घ्यायची, आणि उरलेल्या वेळात भावाच्या मोडक्या कॉम्प्युटरवर खेळायची. दोघांनाही एकच खेळ हवा होता, जोडीनं खेळायचा. एक नाव, धो धो नदी, मधे खडक. एकानं डावीकडून वल्हं मारायचं, एकानं उजवीकडून. एकटा खेळला तर नाव गोल गोल फिरते! पण तो खेळ ना ह्याच्या डब्यावर चालायचा, ना तिच्या. निरंजन म्हणाला, "मंगळसूत्र आई घडवेल. कार्ड मी आणतो." ती म्हणाली, "अर्धे पैसे माझे. मग कुणी कुणावर उपकार नको." ठरलं लग्न! तासभर वाकून पत्रिका बघणारे भटजी खाली तसेच बसून राहिले.

पण कार्ड मिळावं कुठं? त्या वर्षी जगात दुष्काळ पडला होता. पाण्याचा नाही हो, चिपांचा! आणि जी चार कार्डं बाजारात यायची ती खाणवाले उचलून न्यायचे. ते खाणवाले कोण, ते पुढं येणारच आहे. निरंजन गेला कोल्हापूरला. दुकानदार म्हणाला, "कार्ड हाय. पण एकटं मिळत न्हाई. संगं खुर्ची घ्यावी लागंल, टेबल घ्यावं लागंल." निरंजन म्हणाला, "मला कार्ड पाहिजे, संसार नको!" दुकानदार म्हणाला, "मग वापरलेलं घ्या, स्वस्तात." पण एका जाणकारानं सांगितलं, खाणीत राबलेलं कार्ड घेऊ नको, पंखे खिळखिळे झालेले असतात. दुसरा म्हणाला, थांब, भाव उतरतील. तिसरा म्हणाला, थांबलास तर मेलास. चौथा म्हणाला, दोन पंख्यांचं घे. पाचवा म्हणाला, तीन पंख्यांचं घे. मंडळी, नवरी एका भेटीत पसंत पडली, पण कार्ड ठरेना!

शेवटी त्यानं मोबाइलवर लावून ठेवलं — अमुक कार्ड विक्रीला आलं की टिंग वाजेल. पैसे जायचे मैथिलीच्या खात्यातून, त्याचे अर्धे आधीच तिच्याकडं दिलेले. आणि टिंग कधी वाजावी? — कधी वाजावी, सांगा!

अंतरपाट धरलाय. भटजींनी सूर लावलाय. अक्षता मुठीत. शेवटचं मंगलाष्टक. आणि नवऱ्याच्या शेल्यात — टिंग!

निरंजनला घाम फुटला. माल आला तर डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतो! हात शेल्यात गेला. भटजी म्हणाले, सावधान! हा खरंच सावध झाला — मोबाइल बाहेर! अंतरपाटाच्या पलीकडून हळूच आवाज, "आलं का?" इकडून, "आलंय! तीन पंख्यांचं! ओटीपी तुझ्या मोबाइलवर जाईल!" आणि नवरीचा मोबाइल कुणाकडं? तिच्या मामाच्या खिशात! मामा पाठीशी उभे. बिचाऱ्या मामांनी चष्मा कपाळावर चढवला आणि खणखणीत आवाजात आकडे वाचायला सुरुवात केली — "सात! चार! नऊ!" भटजींना वाटलं, मुहूर्ताची पळं मोजतायत. त्यांनी "शुभ मंगल" म्हणून टाकलं! अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, अंतरपाट दूर झाला — आणि नवरा-नवरी एकमेकांकडं बघून ओरडले, "मिळालं!" पाहुणे म्हणाले, काय प्रेम हो!

हसा, हसा. हसायचे दिवस होते ते! कार्ड घरी आलं. ते डब्यात मावेना, म्हणून इंदुमतीबाईंनी मागाच्या मेकॅनिकला बोलावून डब्याचा पत्रा कापून घेतला. हळदकुंकू वाहिलं. आणि रोज संध्याकाळी दोघं जोडीनं नावेत! "डावं मार!" "अहो, खडक!" "मार की, मार!" नाव उलटायची, आणि दोघं हसून लोटपोट. इंदुमतीबाई शेडमधून म्हणायच्या, "चार मागांपरीस ह्या दोघांचाच आवाज जास्त!" पण म्हणताना गालात हसायच्या. बाईचं घर बऱ्याच वर्षांनी हसत होतं हो.

आणि मग आला दिगंबर. निरंजनच्या कारखान्यातला. प्रत्येक आख्यानात एक असतो. शत्रू नसतो, हितचिंतक असतो. शत्रूपासून माणूस वाचतो! दिगंबर म्हणाला, "तुम्ही खेळता दोन तास. बाकीच्या वेळी कार्ड काय करतं? रिकामं बसतं! त्याला खाणीला लाव."

आता खाण म्हणजे काय? कुदळ नाही, फावडं नाही. कार्डानं गणितं सोडवायची. कुणाची? माहीत नाही. कशासाठी? विचारू नका. त्याबदली एक नाणं मिळतं — सबंध नाही, त्याचा कण! ते हातात धरता येत नाही, वाजवून बघता येत नाही. पण त्याचा भाव चढतो, उतरतो, आणि त्याच्याबरोबर माणसाचा जीव चढतो, उतरतो!

निरंजन म्हणाला, रिकामंच असतं, लावू. मग म्हणाला, "मैथिली, आज खेळ राहू दे, आज भाव वर आहे." मग म्हणाला, "आज भाव पडलाय, जास्त खणायला पाहिजे." म्हणजे बघा — भाव चढला तरी खेळ बंद, पडला तरी खेळ बंद! असा धंदा आणखी कुठला आहे का हो? हिशेब केला तर वीजबिल वजा जाता हातात राहायचं भज्यांच्या प्लेटीपुरतं. पण हा ते वजा करेल तर ना!

खोली तर अशी तापली की इंदुमतीबाईंनी तिथं कुरडया वाळवायला घातल्या. त्या खाणीतून कुणाला खरंच काही मिळालं असेल, तर त्या माउलीला! आणि एके दिवशी — मंडळी, इथं नीट ऐका — कार्ड फार तापतंय म्हणून निरंजननं मैथिलीच्या उशाशी असलेला पंखा उचलला, आणि डब्यापुढं नेऊन ठेवला. बायको घामानं थबथबलेली, आणि कार्डाला वारा! आधी रोज विचारायची, "आज खेळायचं?" त्या दिवसापासून विचारायची थांबली. आणि ह्या शहाण्याला काय वाटलं? — वाटलं, समजूतदार आहे!

नवरात्र आलं. मैथिलीनं सासूला सांगितलं, "आई, भाऊ न्यायला येतोय. दसऱ्याला विट्याला जाते. परत कधी येईन ते... बघू." त्या 'बघू'नं इंदुमतीबाईंच्या काळजात कळ उठली. चार माग एकटीनं ओढलेली बाई. पण सून गेली तर घर कसं ओढायचं, ते तिला माहीत नव्हतं.

खंडेनवमी उजाडली. इचलकरंजीतले माग बंद! पुसून, धुऊन, झेंडूच्या माळा घालून उभे. त्या दिवशी हत्यारानं विसावा घ्यायचा, माणसानं त्याच्या पाया पडायचं. अख्खं गाव गप्प. एवढं गप्प की स्वयंपाकघरात मैथिली पिशवीची चेन लावत होती, ती निरंजनला ऐकू आली. पहिल्यांदाच! आणि दुसरा आवाज येत होता तो त्याच्याच खोलीतून — घुर्रर्र.

इंदुमतीबाई ताट घेऊन दारात. "निरू, ते यंत्र बंद कर. पूजेच्या ओळीत ठिवायचंय."

"आई, ते कशाला? ते काय माग आहे का?"

"कमवतंय न्हवं? मग हत्यारच की ते. आज हत्यार चालवायचं न्हाई."

"अगं, हत्यार नाही! खेळणं आहे ते, खेळणं!"

झालं! बाईंनी ताट खाली ठेवलं. "खेळणं हाय? बरं! मग खेळ की! कोण खेळतंय त्येच्याशी? मला दाव! हे बघ. हत्यार असंल तर आज त्येला विसावा दे. खेळणं असंल तर आज खेळ. पर देवीपुढं एकच काय ते बोल. आणि आज जे बोलशील, ते जल्मभर!"

वा! वकील लावून सुटणार नाही असा पेच! हत्यार म्हणावं, तर आज बंद, पण उद्यापासून पुन्हा खाण चालू — आणि मैथिली विट्याला. खेळणं म्हणावं, तर खाण कायमची बुजली! दिगंबर काय म्हणेल? भाव तर उद्याच चढणार होता! तो नेहमी उद्याच चढतो.

निरंजननं बटण दाबलं. घुर्रर्र थांबलं. त्यानं ते कार्ड डब्यातून काढलं, पुसलं, आणि देवीपुढं नेऊन ओळीत ठेवलं — मागाचा धोटा, कात्री, मेकॅनिकचे पाने, आणि शेवटी तीन पंख्यांचं कार्ड. मैथिली पिशवी घेऊन चौकटीत उभी. बघत होती. बाईंनी हळद घेतली, कुंकू घेतलं. धोट्याला वाहिलं, कात्रीला वाहिलं, पान्यांना वाहिलं. हात कार्डाकडं आला —

"आई, थांब!"

निरंजन वाकला आणि कार्ड ओळीतून उचललं. म्हणाला, "हे हत्यार नाही. आम्ही दोघांनी हे खेळायला आणलं होतं. मी विसरलो." आणि मैथिलीकडं वळला. "मी तुझा पंखासुद्धा नेला गं. माझं चुकलं. खेळतेस?"

मंडळी, ती लगेच हो म्हणाली असेल असं वाटतं तुम्हाला? ती विट्याची आहे! म्हणाली, "आधी ते खाणीचं सगळं पुसून टाका. माझ्यासमोर." ह्यानं कार्ड बसवलं, आणि पुसलं — समोर बसून, एकेक. मग तिनं पिशवी खाली ठेवली. म्हणाली, "मी उजवीकडून."

एवढ्यात मोटारसायकलवरून भाऊ आला न्यायला. दारात इंदुमतीबाई. "या पाव्हणं, बसा. च्या घ्या. तुमची बहीण नावंत हाय!" भावाला काही कळेना. आतून आवाज — "डावं मार!" "अहो, खडक!" "मार की!" — धप्प! आणि दोघांचं हसणं. भावानं दोन कप चहा घेतला, कुरडया खाल्ल्या, आणि एकटाच विट्याला गेला.

बोला, उदो! आता कळलं ना, गाय कुणाची? ज्यांच्यासाठी आणली, त्या पोरांची!

आता तुम्ही म्हणाल, महाराज, आमच्याकडं कार्ड नाही, आम्ही सुटलो. सुटलात? बघा बरं शेजारी. ते तुमच्या मांडीवर पेंगतंय, ते कोण? ते जन्मलं तेव्हा पेढे वाटलेत. त्याला बघून काय नाचलात! तेव्हा कुणी विचारलं होतं का, हे किती आणणार? आणि आता सकाळी शिकवणी, दुपारी शाळा, संध्याकाळी पुन्हा शिकवणी. घरी आलं की पहिला प्रश्न — किती पडले? शेजारच्याला किती पडले? अहो, देवीनं आनंदासाठी दिलेलं ते, आणि तुम्ही त्याला खाणीला लावलंत! तापलंय ते. दिसत नाही तुम्हाला?

उद्या खंडेनवमी. पूजा करा, जरूर करा. विळी ठेवा, कोयता ठेवा, मोटारसायकल ठेवा. पण त्या ओळीत ह्या पोराला बसवू नका. आणि उद्या सकाळी ते उठेल ना, तेव्हा किती ते विचारू नका. एवढंच विचारा — "आज काय खेळायचं रे?"

आणि उत्तर देऊन ते तुमचा हात धरून ओढायला लागलं, तर काम आहे म्हणू नका. उठा!