बिनचावीची घडी

घडी बंद पडली म्हणून एवढं तोंड पाडू नको गड्या. आमच्या आबाइचं ऐक.

आबा बैलगाडीवरून पडले अन् पाय मोडला. प्लास्टर निघालं, डॉक्टर म्हणे आता चाला, पण आबा बाज सोडतच नव्हते. "आता माहं काई खरं नाई," एवढंच म्हणत. त्याइचं मन रमावं म्हणून मामानं मुंबईहून बिनचावीची घडी आणली अन् त्याइच्या मनगटावर बांधली. तं ते रोज बंद! आबा म्हणत, "पाह्य, घडीलेबी माहाच गुण लागला."

मी सोनाळ्याहून दोनदा मलकापूरले घडीवाल्याकडे गेलो. दोन्ही खेपा त्यानं चालू करून देल्ली, घरी आली की बंद. तिसऱ्या खेपेले त्यानं चष्मा काढून इचारलं, "बांधते कोण?"

"आबा."

"करते काय ते?"

"बाजेवर बसून राह्यते."

"अरे बाप्पा, हात हालला तं हे घडी चालते! घडी ठीक हाये. आबाइले दुरुस्त करा!"

घरी येऊन मी भीत भीत तसंच सांगतलं. आबाइनं मनगट हालवलं अन् घडी कानाले लावली.

सकाळी पाह्यतो तं बाज रिकामी! मी मिरचीच्या वावरात पळत गेलो. काठी बाजूले ठेवून आबा बसल्या बसल्या निंदून राह्यले होते.

"आबा, पाय!"

त्याइनं पायाकडं नाई, घडीकडं पाह्यलं.

"सात वाजून गेले. वावरात येयाची हे येळ हाये काय बे?"