आधी बाहेर निघा, मग माटे निवडा

दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती, माझी पोरगी स्पृहा नुकतीच झोपली होती, अन् कॉम्प्युटर उघडते तर काय, माझं काहीच जाग्यावर नाही... कोपऱ्यातला मेन्यू नाही, खालची पट्टी नाही, पडद्यावर नुसतं निळं तळं अन् मागं डोंगर. तुम्हाले सांगते, इतकं शांत पाणी, की वाटलं पाय सोडून बसावं, स्पृहाले मांडीवर घ्यावं, कोणी हाकच मारू नये... अन् मी आपली माउस धरून बसलेली.

पण संध्याकाळी प्रेसवाला लग्नाची पत्रिका मागणार होता ना. पहिलंच काम दिलेलं त्यानं, दारव्ह्यात टायपिंगवाल्या पोरी का कमी आहेत? माझी सातवी झालेली. जुना पडदा पाठ करता करता वर्ष गेलं, तवा कुठं हात बसला. आता हे नवं कोण शिकवते मले?

केलं कोणी? धाकट्या दिरानं, क्षितिज भाऊजींनी. रविवारी आले अन् म्हणे, "वहिनी, तुमच्या कॉम्प्युटरचं लिनक्स नवं करून देतो, मस्त दिसन." दिसलं. लावला भाऊजींले पुण्याले फोन. ते मीटिंगमध्ये, कुजबुजत, "जुनं पाहिजे ना? आधी बाहेर निघा, मग माटे निवडा." अन् फोन बंद.

आता मले सांगा, आमच्या गल्लीत माटे एकच, रिटायर झालेले माटे काका. जुने तर आहेतच. निघाली बाहेर, पोरीले खांद्यावर टाकून. काका ओट्यावर तुरीची डाळ निवडत होते. म्हटलं, "काका, चला, तुम्हाले निवडायचं आहे." त्यायनं सूप खाली ठेवलं. "मले? दोनदा सोसायटीले उभा राह्यलो पोरी, घरच्यायनं बी निवडलं नाही." अन् टोपी घालून निघालेच.

आले, खुर्चीवर बसले, तळ्याकडं पाहत राह्यले. "कुठचं व्हय हे? पाणी गोड दिसते." झालं, दोघंबी पाण्यात. ऊन भिंतीवरून उतरलं, पोरगी कुरकुरली, अन् मी आपली माउस धरून बसलेली.

शेवटी भाऊजींचा फोन. "निवडलं का माटे?"

"हो, इथंच बसले आहेत, चहा घेऊन राह्यले."

तिकडं भाऊजी हसत सुटले. मग म्हणे, "वहिनी... बाहेर म्हणजे लॉगआउट. मग तुमच्या नावावर टिचकी मारा, खाली चाक दिसन, त्यात माटे आहे इंग्रजीत. जुन्या पडद्याचं नाव आहे ते."

चाकात खरंच एम, ए, टी, ई. दाबलं, पासवर्ड टाकला, अन् मेन्यू कोपऱ्यात असा उभा, जसा माहेरचा माणूस फाटकात. बोटं आपोआप चालली. पत्रिका वेळेत गेली, प्रेसवाल्यानं दुसरीबी धाडली.

पण काका उठेनात. "मायं नाव? सगळ्यायच्या कॉम्प्युटरात?"

आता दारव्ह्यात कोणाचाबी कॉम्प्युटर अडो, काका दारात हजर. "मले निवडा, मी हलका आहो, जास्त मेमरी खात नाही." तो पडद्यावाला माटे हलका असते म्हणे, हे भाऊजींनीच पढवलं असन... म्हणून म्हणते, भेटन त्याले सांगा, तो माटे वेगळा, हे माटे वेगळे. अन् नाहीच पटलं कोणाले, तर एवढं तरी सांगून ठेवा, काकाले चहात साखर चालत नाही.