पिंगट केसांची करवली

“केसाला कात्री न्हाई, रंग न्हाई, आन् का म्हणून इचारायचं न्हाई.” – हा आमच्या घरातला नियम, श्रद्धाताई, आणि त्यातलं शेवटचं सगळ्यात कडक. म्हणून म्हणते, ‘घरी विचारलंस का’ हे तुम्ही मला विचारू नका. नाही विचारलं. एम.कॉम. झाले, रिसॉर्टच्या रिसेप्शनला उभी राहून दर शनिवार-रविवार जांभळ्या, निळ्या, तांबड्या केसांच्या बायकांना ‘वेलकम मॅडम’ म्हणते, आणि माझ्या डोक्यावरचे केस मात्र आईच्या नि आत्याच्या परवानगीचे. तुम्ही पट्टे ओढायचं ते फॉइल काढा. हा फोटो बघा – असं पाहिजे. नाही, अगदी असं नाही, याच्यापेक्षा ठळक. हिचे बघा कसे बारीक-बारीक पट्टे आहेत, लाजत-लाजत आल्यासारखे. मला जाड पाहिजेत. बोल्ड. मांडवातल्या शेवटच्या खुर्चीवरून दिसले पाहिजेत. – ही? कुणी नाही. नेटवरची मॉडेल आहे. – कुठं? मागं? – हो, गोठा आहे तो. आमचाच आहे. बरं, स्नेहल आहे ती. माझ्या चुलत्याची मुलगी, तळेगावची. मॉडेल नाही, पण चालते तशीच. आमच्या गावात, औंढ्यात आल्यापासून भाताच्या बांधावरून हील्स घालून चालते, आणि पडतही नाही हो – मी वाट बघून दमले.

आहे की फोटो माझ्याकडं, असणारच. असे बरेच आहेत. मोठे करून बघते मी, कुठून सुरू केलंय, मुळापासून किती सोडलंय – अभ्यास म्हणा. हसू नका. तुम्हाला सगळं सांगते म्हणजे तुमचा हात मोकळा चालेल. उद्या हळद, परवा लग्न. सत्यमचं – माझ्या सख्ख्या भावाचं. एक भाऊ, एक बहीण, तिसरं कुणी नाही. मग करवली कोण? तुम्हीच सांगा. – हां, तुम्हाला कळतं, परक्या बाईला कळतं! नवरदेवाच्या मागं नारळाचा करा धरून कोण उभं राहतं, परण्याला, मिरवणुकीच्या गाडीत शेजारी कोण बसतं? सख्खी बहीण. लहानपणी मी घरात पितळी तांब्यावर नारळ ठेवून तासन्तास उभी राहायचे, सत्यमला पाटावर बसवून. तो पळून जायचा, मी उभीच. आणि काल पापड तळता-तळता आत्या म्हणते, “करा स्नेहलच्या हातात द्या. व्हिडिओवालं ड्रोन लावणार हायेत, ती लय उठून दिसती. राजेश्वरीला आहेराचं बघू द्या, तिला समदं कळतं.” मला समदं कळतं! ताई, ज्या पोरीला सगळं कळतं ना, तिच्या हातात लोक कपाटाच्या चाव्या देतात. मान देत नाहीत. आणि आई? आई पापड उलटवत होती.

आणि ही स्नेहल उठून दिसते कशानं? केसांनी! आता मला जरा खिडकीकडं फिरवा. फिरवा ना. बघा – काळे आहेत? नाहीत. गडद तपकिरी. जन्मापासून. कुणी विकत घेतले नाहीत, कुणी रंगवले नाहीत, उन्हात नुसतं उभं राहिलं तरी चमकतात. पण आमच्याकडं याला तपकिरी म्हणत नाहीत, पिंगट म्हणतात – पिंगट म्हणजे जणू अंगावर काही उठलंय. शाळेत असताना दर शनिवारी माक्याचं तेल, घट्ट दोन वेण्या, आणि आत्याचं चालू – “पिंगट डोक्याची सून कुणी घरात घेत न्हाई गं.” मी विचारलं एकदा, का नाही घेत? पाठीत धपाटा. उत्तर संपलं. आता स्नेहलचे केस मूळचे कसे, माहितीये? काळेभोर! आत्याला हवे तस्से! तिनं पुण्याला जाऊन ते तपकिरी करून घेतले, वर मधाच्या रंगाचे पट्टे ओढले, आणि आता तीच आत्या तिला उन्हात उभी करून शेजारणींना दाखवते, “सोन्यावानी चमकत्यात बघा.” मी ज्याच्यासाठी धपाटे खाल्ले ते या बाईनं दुकानातून आणलं, आणि माझा करा घेऊन गेली. मला सांगा, माणसानं जळायचं नाही तर काय करायचं?

टोकं? काय झालं टोकांना? – हो, ती काळी आहेत, वरच्यासारखी नाहीत. काळी मेंदी आहे ती. तीन वर्षांपूर्वी वडिवळ्याची माणसं मला बघायला येणार होती तेव्हा आत्यानं थापली होती – मेंदीला ती रंग म्हणत नाही – पोरगी काळ्या केसांची दिसली पाहिजे म्हणून. मान दुखेपर्यंत बसवलं होतं मला. माणसं आली, पोहे खाल्ले, ‘मुलगी फार शिकलेली आहे’ म्हणून गेली. केसांकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. – त्याच्यावर ब्लीच चालत नाही? भगवं होईल? डाग पडतील? मग कापा. चार बोटं जातील ना, जाऊ द्यात. ती काही माझी नव्हती. – पक्कं. कापा, ताई.

आणि वाईट काय आहे, सांगू? ती चांगली आहे. स्नेहल. खाष्ट असती तर किती बरं झालं असतं. आल्या-आल्या गळ्यात पडली आणि म्हणते, “ताई, तुझा कलर कुठला गं? किती नॅचरल दिसतो!” मनापासून म्हणाली. ते तर मला मुळीच सहन झालं नाही. मी सांगितलं, घरातला शॅम्पू संपलाय, ही शिकेकाई घे, बोअरच्या पाण्यानं धू. शॅम्पू होता. माझ्या कपाटात होता, कपड्यांखाली. म्हटलं उतरू दे जरा सोनं. – आणि नाही उतरलं! जास्त फुलून आले! हे तुम्हाला का सांगतेय मी? जाऊ दे. लावा तुम्ही. गार लागतं हे. जाड घ्या म्हटलं ना, अजून जाड, समोरची बट पण घ्या –

थांबा. दारात कोण आहे? – आई. आणि आत्या. देवा. नाही, स्नेहलनं नाही सांगितलं, मीच मघाशी तुम्ही फॉइल काढलंत तेव्हा त्याचा फोटो, पार्लरच्या नावासकट, स्टेटसला टाकला. स्नेहलला दिसावा म्हणून. बघितला कुणी, तर यांनी. इथं लोणावळ्यातच होत्या दोघी, बाजारात, बांगड्या भरायला. – या, आत या. आत्या, ते दार लावून घे, एसी चालू आहे. बस तिथं. ओरडू नकोस, दुसरी गिऱ्हाइकं आहेत. हो, कापलेत. ती खाली पडलीयेत ती माझीच. नाही, डोकं फिरलेलं नाही, डोकं जागेवर आहे, फक्त त्याला चंदेरी कागद लावलेत. – लग्नघर आहे, माहितीये मला. पाव्हणे हसतील, हसू द्यात, पाव्हण्यांनी स्नेहलला बघून टाळ्या वाजवल्या, मला बघून हसतील, तेवढाच बदल. – काय म्हणालीस, आत्या? परत म्हण. – ऐकलंत ताई? “धुऊन टाक आत्ताच्या आत्ता, करा तुझ्याच हातात देती.” म्हणजे देता येत होता! ड्रोन नाही, व्हिडिओ नाही, काही अडलेलं नव्हतं. मी इथं खुर्चीत येऊन बसले म्हणून कराही मिळायला लागला.

आई, तू का होकाराची मान हलवतेस? तुला तरी पटलं? तू काल सकाळी ओट्यावर काय करत होतीस, सांगू का? स्नेहल तुझ्यापुढं बसली होती आणि तू तिच्या केसांतून हात फिरवत होतीस. नुसता. काही काम नसताना. “किती मऊ गं बाय.” मी दारात उभी होते, हातात आहेराच्या साड्या घेऊन. माझ्या केसांना तुझा हात लागला तो फक्त तेल चोळायला, आई. काळे व्हावेत म्हणून. असा नुसता कधी – नको. हे मला बोलायचं नव्हतं. इथं तर नाहीच.

तर ऐका दोघी. धुणार नाही. आणि करा नको मला. खरंच नको. केस झाकून, माफी मागून, दोन दिवस गोड वागून मिळणारा मान मी परण्याला मिरवायचा? स्नेहललाच द्या. चांगली धरेल ती. मी माझ्या भावाच्या लग्नाला येणार, हे असे केस मोकळे सोडून येणार, पहिल्या रांगेत बसणार, आणि आहेराचं दुसऱ्या कुणीतरी बघायचं. ज्याला बोलायचं त्यानं तिथं मांडवात येऊन, माझ्या तोंडावर बोलायचं. – बोल की, आत्या. – आई?

नका बघू त्यांच्याकडं, ताई. पुढची बट घ्या.