छपरावर चौदा, कागदावर तीन

झुल्मीरा : नऊ वर्षं झाली त्या पत्राला, अन्सेल्मु. दर ईस्टरला बाहेर काढतोस, वाचतोस, परत ठेवून देतोस. ग्वाल्तेर काय अजून उत्तराची वाट बघत बसलाय?

अन्सेल्मु : बसला नसेल. पण त्याने एकच प्रश्न विचारला होता गं. आणि मला उत्तर येत होतं.

झुल्मीरा : काय विचारलं होतं, ते तरी आज सांग.

अन्सेल्मु : "आपण एका बेटावरून आलेली माणसं. छपरं मीही घालतो, तुमची कंपनीही घालते. माल तोच, मजुरी तीच. तरी दर वेळी तुमची बोली माझ्यापेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी. मी हिशेब पाच वेळा मांडला. माझं कुठे चुकतंय, तेवढं कळव."

झुल्मीरा : आणि कुठे चुकत होतं?

अन्सेल्मु : कुठेच नाही. छपरावर चढणाऱ्या माणसाचा अपघात विमा फार महाग. पगाराच्या जवळजवळ निम्मे पैसे त्यातच जातात. ग्वाल्तेर सगळ्यांचा भरायचा. आम्ही फक्त तिघांचा, बाकीच्यांचा नाहीच.

झुल्मीरा : आणि तो बसला धंदा बंद करून. आता शाळेत फरशा पुसतो बिचारा. सूप घे, गार होतंय. दुआर्तेची गाडी वाजली बघ. आल्या आल्या आशीर्वाद मागितला, की समज, ज्याच्या कंपनीचे हिशेब तू लिहितोस त्या मालकाला काहीतरी हवंय.

दुआर्ते : पाद्रीन, आशीर्वाद द्या.

अन्सेल्मु : देव तुझं भलं करो. बस.

झुल्मीरा : आम्ही ह्याचे धर्म-आईबाप झालो, ह्यांनी बाप्तिस्म्याला हातात धरला, तेव्हा एवढासा होता. तेव्हाही पाहिजे ते रडूनच मिळवायचा. सूप वाढू?

दुआर्ते : नको, मादरीन, भूक मेलीय. पाद्रीन, विमा कंपनीचं पत्र वाचलंत ना?

अन्सेल्मु : दोनदा.

दुआर्ते : आपला मजूर एलिझियु पडला नसता तर काही निघालं नसतं. इस्पितळाने त्याचं नाव कळवलं, आणि विमावाल्यांच्या यादीत तो नाहीच! आता म्हणतात, पगाराचे जे कागद तुम्ही सरकारकडे भरता, ते आम्हाला बघायचेत. संमतीची सही पाठवा.

अन्सेल्मु : सरकारकडे चौदा नावं आहेत. विमा कंपनीकडे तीन.

झुल्मीरा : एकाच हाताने लिहिलेली.

अन्सेल्मु : हो. माझ्याच.

दुआर्ते : पण सरकारला तरी चौदा कशाला सांगितलीत? तिथेही तीन सांगायची!

अन्सेल्मु : मग हिवाळ्यात बर्फ पडून काम थांबलं, की पोरांनी बेकारभत्ता कशाच्या जोरावर मागायचा? सरकारी कागदावर नाव नाही, तर भत्ता नाही. तूच म्हणायचास, माझी माणसं थंडीत उपाशी राहता कामा नयेत.

दुआर्ते : म्हणजे माझा चांगुलपणाच मला नडला.

झुल्मीरा : अर्धाच होता ना, म्हणून नडला.

दुआर्ते : मादरीन, तुम्ही जरा... हे बघा, पाद्रीन. वकिलाने कागद करून दिलाय. ती अकरा माणसं आमची नोकर नव्हेत, जो तो आपापला मालक, आपापली हत्यारं, आपापला धंदा. कंपनीतर्फे सह्या तुम्हीच करता. इथे एक करा, झालं.

अन्सेल्मु : एलिझियु कोणाच्या शिडीवरून पडला?

दुआर्ते : आपल्याच.

अन्सेल्मु : मी ही सही केली, तर त्याला विम्याचं काय मिळेल?

दुआर्ते : खुबा बसवून झालाय त्याचा. मी देईन की थोडंफार. मी काय राक्षस आहे?

अन्सेल्मु : किती दिवस देशील?

दुआर्ते : तुम्ही असे सरकारी माणसासारखे प्रश्न काय विचारता? त्या दोन याद्या शेजारी शेजारी ठेवल्या ना, की मागचे सगळे हप्ते, वर दंड, वर कोर्ट. मी एकटा जाणार नाही. तुम्हालाही ओढतील, ह्या वयात!

अन्सेल्मु : ओढतील. त्याचीच भीती वाटते मला. भित्राच आहे मी, तुला माहीत आहे. तू म्हणालास तीन लिहा, मी तीन लिहिली. वाटलं, ह्या दोन याद्या शेजारी ठेवून कोण बघतंय?

झुल्मीरा : तू बघत होतास.

अन्सेल्मु : दर तीन महिन्यांनी.

दुआर्ते : बाबांनी तुम्हाला माझा पाद्रीन केला, तो मला बुडवायला?

अन्सेल्मु : त्याला वाटलं, हा पुस्तकी माणूस आहे, ह्याला खोटं जमायचं नाही. त्याचा अंदाज चुकला. जमलं मला. दुसरा कागद दे. वकिलाचा नव्हे, संमतीचा.

दुआर्ते : त्याच्यावर सही केलीत, तर ह्या घराची पायरी मी पुन्हा चढणार नाही.

अन्सेल्मु : तुझी मर्जी. कागद दे, बाळा.

दुआर्ते : घ्या! घ्या, करा सही!

झुल्मीरा : अरे, दार केवढ्याने आपटलंस! ... गेला. अन्सेल्मु, केलीस सही?

अन्सेल्मु : केली. ओळखू येतेय ना?

झुल्मीरा : येतेय. आणि हे दुसरं पाकीट कोणाला?

अन्सेल्मु : ग्वाल्तेरला. पत्ता तोच आहे का गं त्याचा?

झुल्मीरा : तोच. काय काय लिहिलंस?

अन्सेल्मु : आधी चार पानं लिहिली होती. माझ्या अडचणी, माझी लाज. वाचली, आणि सगळं माझ्याबद्दलच वाटलं. फाडली. एक ओळ ठेवली. "तुझा हिशेब बरोबर होता. आमचा खोटा होता."

झुल्मीरा : आण इकडे, दोन्ही पाकिटं मी टपालपेटीत टाकून येते. तुला गुडघ्यांनी जिना उतरवत नाही.

अन्सेल्मु : उतरतो हळूहळू.

(अर्ध्या तासाने. अन्सेल्मु परत येतो.)

झुल्मीरा : कोपऱ्यावर जायला एवढा वेळ?

अन्सेल्मु : टाकल्यावर झाकण पुन्हा उघडून बघितलं. म्हटलं, एखादं कडेला अडकलं तर नाही?

झुल्मीरा : अडकलं होतं?

अन्सेल्मु : नाही. दोन्ही गेली.