बाबांच्या फोटोचा हार

नाटकाला स्वतःच्या वडिलांचा फोटो देऊ नका, सांगून ठेवते. इथे परदेशात, हेन्डरसन गावातल्या हॉलमध्ये आमचं गणपतीतलं नाटक होतं. नाटकातले वडील वारलेले, म्हणून मी माझ्या बाबांचा फोटो दिला. बाबा साताऱ्यात ठणठणीत होते, त्यामुळे दिग्दर्शक सुहासला बजावलं होतं, हार घालायचा नाही. पडदा उघडला, तर फोटोला हार. संवाद म्हणता म्हणता मी तो काढून टाकला आणि मध्यंतरात धावत जाऊन बूथवरून साताऱ्याला फोन लावला. रिंग वाजतेय, वाजतेय, कुणी उचलेना. शेवटी बाबांनीच उचलला. मी रडत रडत सगळं सांगितलं.

बाबा म्हणाले, "अगं, काढलास कशाला? आता मी गेलोय हे प्रेक्षकांना कळणार कसं?"